मोठ्या मंडळ्यांच्या पाळकांसाठी मार्गदर्शन गट : अर्ज कुठे अडतो आणि कोणता कागद आधी लागतो

गटात प्रवेशासाठी केलेल्या अर्जाला नकाराचं पत्र आलं की पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मसेवकांना, वाटतं, आपली सेवाच कुठेतरी कमी पडली. मी काही वर्षं अशा अर्जांची पहिली छाननी केली आहे. पहिल्या फेरीत जे अर्ज बाद होताना मी पाहिले, ते बहुतेक कागदांवरून झाले, आणि त्यातही एकाच कागदावरून. म्हणून सोप्या गोष्टी इथे भरभर सांगतो आणि जिथे माणसं अडतात तिथे थांबतो.

आधी हा गट म्हणजे काय ते. साधारण आठ-दहा मोठ्या मंडळ्यांचे (मंडळी म्हणजे एका चर्चचा उपासक समुदाय) प्रमुख पाळक वर्ष-दोन वर्षं नेमाने भेटतात आणि एखादा अनुभवी पाळक मार्गदर्शक म्हणून त्यांच्याबरोबर असतो. मोशे एकटाच दिवसभर लोकांचा न्याय करत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो याने त्याला हटकलं, ती बायबलच्या निर्गम पुस्तकातली गोष्ट पाळकांना सांगायला नको. मोठ्या मंडळ्यांच्या पुढाऱ्यांना वेगळं एकत्र बसवण्याची संघटित पद्धत मात्र अलीकडची आहे. अमेरिकेत बॉब ब्युफर्ड यांनी १९८४ मध्ये लीडरशिप नेटवर्क सुरू केलं ते याच कामासाठी. पुढे २००२ पासून लिली एन्डाउमेंट या न्यासाने पाळकांच्या सहकारी गटांना मोठं आर्थिक पाठबळ दिलं.

वेगळा गट का, असं पुष्कळजण विचारतात. शंभर माणसांच्या मंडळीत पाळक प्रत्येकाला नावाने ओळखतो. दोन हजारांच्या मंडळीत त्याचं बरंचसं काम पगारी सेवकवर्गामार्फत चालतं. एखाद्या सहपाळकाला कमी करायचं का, हा प्रश्न तो सेवकवर्गापुढे मांडू शकत नाही, कारण प्रश्न त्यांच्यातल्याच कुणाचा असतो. स्वतःच्या थकव्याविषयी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या मंडळापुढे बोलणंही जड जातं, कारण त्याची नेमणूक आणि पगार मंडळच ठरवतं. हे बोलायला त्याच्याएवढंच ओझं वाहणारं कुणीतरी लागतं.

आता पात्रता. अर्जदार प्रमुख पाळक हवा, म्हणजे शेवटची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो. सहपाळक आणि व्यवस्थापन पाहणारे पाळक यांचे गट बहुधा वेगळे असतात. चुकीच्या गटात केलेला अर्ज आपोआप दुसरीकडे जात नाही. मंडळीच्या आकाराची अट असे गट चालवणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाची निराळी असते. अभ्यासक ‘मेगाचर्च’ हा शब्द आठवड्याला सरासरी २००० किंवा जास्त उपस्थिती असलेल्या प्रॉटेस्टंट मंडळीसाठी वापरतात. काही कार्यक्रम त्याहून खालीच रेघ ओढतात.

इथेच पहिली चूक होते. अर्जात विचारलेली असते उपस्थिती, आणि लोक लिहितात सभासदसंख्या. नोंदवहीत पाच हजार नावं असतात आणि रविवारी अठराशे माणसं येतात. काहीजण नाताळ किंवा पुनरुत्थानदिनाचा आकडा देतात. वर्षभराच्या रविवारांची सरासरी काढा, सर्व उपासना आणि सर्व शाखा मिळून, मुलांसह. अर्जाच्या छापील नमुन्यात वेगळं सांगितलं असेल तर तसं. ऑनलाइन पाहणाऱ्यांचा आकडा वेगळ्या ओळीत लिहा. अठराशे असतील तर अठराशेच लिहा. रेघेच्या थोडं खाली असलेल्या मंडळीला प्रवेश मिळालेला मी पाहिला आहे. फुगवलेला आकडा मात्र मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो, आणि मग बाकीच्या अर्जावरचा विश्वासही जातो.

आता तो कागद, जो कुणाकडेच तयार नसतो : मंडळीच्या कारभारी मंडळाचा ठराव. ‘मंडळाची संमती आहे’ असं पाळकाने स्वतः लिहिलेलं चालत नाही. अध्यक्षांचं कौतुकपत्रही चालत नाही, मग ते कितीही सुंदर असो. सभेच्या इतिवृत्तातला उतारा लागतो, चिटणिसाच्या सहीचा. त्यात चार गोष्टी हव्यात : पाळक कोणत्या तारखांना बाहेर असतील, त्या रविवारी उपदेश कोण करेल, खर्च कोण उचलेल, आणि गटात काय बोलणं झालं ते मंडळ पाळकाला विचारणार नाही. चौथी गोष्ट जवळजवळ प्रत्येक ठरावातून गळते. मंडळाला ती संशयास्पद वाटते आणि पाळकाला मागायला संकोच वाटतो. पण तिच्यावाचून हा गट निरुपयोगी आहे. जे बोललं ते महिनाअखेरीला अहवालात लिहावं लागणार असेल, तर कुणीही मनापासून काही बोलणार नाही. तो विषय निघाल्यावर पाळकाने सभेतून थोडा वेळ बाहेर बसावं. आपल्याच सवलतीच्या चर्चेत आपण नसलेलं बरं. आणि मंडळाची सभा दोन-तीन महिन्यांतून एकदा होत असेल, तर अर्जाची तारीख जाहीर होण्याची वाट न पाहता आधीच्या सभेतच विषय घ्या.

यातही नमुना लिहिणाऱ्यांनी एक घोळ घालून ठेवलेला असतो. ठराव ‘नियामक मंडळा’चा हवा असं नमुन्यात असतं, आणि तो शब्द स्वतंत्र मंडळ्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला असतो. बिशपांच्या अधिकाराखालच्या मंडळीत सही मंडळीच्या पंचांची (स्थानिक कारभाऱ्यांची) की बिशपांच्या कार्यालयाची, हे नमुना सांगत नाही आणि फोनवर विचारलं तर दोन माणसं दोन उत्तरं देतात. ही जबाबदारी अर्जदारावर टाकणं अन्यायाचं आहे, पण सध्या तसंच चालतं. तेव्हा लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या आणि ते अर्जाला जोडा. शक्य असेल तर दोन्ही सह्या घ्या.

शिफारसपत्रं दोन किंवा तीन मागतात. तुमच्याकडे पगारावर असलेल्या माणसाचं पत्र देऊ नका. तो तुमच्याविषयी मोकळेपणाने लिहू शकत नाही, हे वाचणाऱ्याला कळतं. कधीतरी तुमच्याशी मतभेद झालेला आणि तरीही तुमच्याबरोबर राहिलेला मंडळीतला वडील (म्हणजे एल्डर) किंवा पाळक शोधा. अंतिम तारखेचा गैरसमजही इथलाच आहे. बहुतेक ठिकाणी त्या तारखेपर्यंत शिफारसपत्रंसुद्धा पोचलेली असावी लागतात, आणि ती शिफारस करणारे परस्पर पाठवतात. तुम्ही अर्ज वेळेत भरून निश्चिंत झालात आणि तुमचा मित्र दोन दिवसांनी पत्र पाठवतो, की संपलं. मित्रांना आठवडाभर आधीची तारीख सांगा.

गुप्ततेच्या करारावर न वाचता सही करू नका. हा गट पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे दिलेली पापांची कबुली, नव्हे. कॅथलिक चर्चच्या कायद्यातील कलम ९८३ नुसार पापनिवेदनाची गुप्तता अभंग असते. सहकारी गटाला तसं संरक्षण नसतं. मुलांवरचे अत्याचार किंवा कुणाच्या जिवाला धोका अशा गोष्टी कळवणं अनेक देशांत कायद्याने बंधनकारक आहे, आणि करारात ते अपवाद असतात. ते असायलाच हवेत. तुमच्याविरुद्ध एखादी चौकशी चालू असेल तर अर्जात सांगा. सांगितल्यामुळे कधीकधी प्रवेश पुढे ढकलला जातो. लपवलेलं उघड झालं तर दार कायमचं बंद होतं.

पोलीस पडताळणी, ओळखपत्र, नेमणुकीचं पत्र ही नेहमीची कामं. फक्त सगळीकडे नाव सारखंच असू द्या.

आता निवेदनाचं पान, ‘तुम्हाला कशासाठी सोबत हवी आहे?’ हा प्रश्न. याच्या उत्तरात दोन पानं मंडळीच्या वाढीची येतात : नवी इमारत, तीन शाखा, इतके बाप्तिस्मे. विचारलेलं राहूनच जातं. मला आठवतात ते चांगले अर्ज छोटे होते. एकाने लिहिलं होतं की संस्थापक पाळक अजून पहिल्या बाकावर बसतात आणि त्यांच्यासमोर काहीही बदलायची हिंमत होत नाही. त्या एका वाक्यावरून त्याला कोणता मार्गदर्शक द्यायचा ते ठरलं. अशी गरज उघड लिहिणं पाळकांना कमीपणाचं वाटतं, हे मी समजू शकतो. आयुष्यभर इतरांचं ऐकून घेणाऱ्याला स्वतःसाठी मागायची सवय नसते. तरी लिहा.

एक कळकळीचं सांगणं. बार्ना या संशोधन संस्थेच्या मार्च २०२२ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ४२ टक्के प्रॉटेस्टंट पाळकांनी मागच्या वर्षभरात सेवा सोडण्याचा विचार केल्याचं सांगितलं. तुम्ही त्या टोकाला आला असाल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर या अर्जाच्या निकालाची वाट पाहू नका. आजच डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. गट पुढच्या फेरीतही असेल.

मुलाखतीत विचारलं जाईल की गटात कोण नको. संकोच न करता सांगा : तुमच्यावर अधिकार असलेली व्यक्ती नको, आणि जिथून सभासद तुमच्याकडे किंवा तुमच्याकडून जातात अशा शेजारच्या मंडळीचा पाळकही नको.

नकार आला आणि पत्रात कारण नसेल, तर लेखी विचारा. विचारल्यावर बहुधा सांगतात. पुढच्या फेरीत जुनी शिफारसपत्रं चालतात का तेही त्याच पत्रात विचारून घ्या. ठराव मात्र नवाच घ्यावा लागतो, कारण जुन्यातल्या तारखा उलटून गेलेल्या असतात.