एमबीबीएसचं पहिलं वर्ष इतकं जड कसं झालं?

भारतीय वैद्यकीय परिषदेच्या १९९७च्या नियमांनी एमबीबीएसचा पहिला टप्पा १८ महिन्यांवरून १२वर आणला. वाचलेले सहा महिने शेवटच्या टप्प्याला गेले. विद्यार्थ्यानं वॉर्डात जास्त राहावं, हा हेतू रास्तच होता. पण अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री जवळपास तेवढ्याच राहिल्या. विच्छेदन, सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइड, शरीराचा एकेक भाग संपल्यावरची ‘पार्ट कम्प्लीशन’ चाचणी, प्रिलिम, सगळं दोन सत्रांत कोंबलं गेलं. बारावीपर्यंत वर्गात पहिला येणारा मुलगा इथे पहिल्याच चाचणीत नापास होतो, तेही हात-पायांच्या नसा नीट पाठ करून, कारण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, टेबलाशी उभं राहून नस ओळखण्याचा सरावच झालेला नसतो. २०१९च्या आधी वार्षिक परीक्षेत नापास झालं की पुरवणीनंतर ‘ऑड बॅच’, म्हणजे मागे राहिलेल्यांची वेगळी तुकडी, वाट्याला यायची: मित्र पुढे, आपण मागे. अभ्यासाच्या ओझ्यापेक्षा हे एकटेपण जास्त मोडायचं.

याच काळात अमेरिकेत वेगळा प्रयोग झाला. व्हर्जिनिया विद्यापीठानं पहिल्या दोन वर्षांची श्रेणीपद्धत काढून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठेवलं. २००९मध्ये दोन लागोपाठच्या बॅचची तुलना प्रसिद्ध झाली: पहिल्या तीन सत्रांत नव्या बॅचची मनःस्थिती चांगली आणि परीक्षांतली कामगिरी खालावलेली नाही. सेंट लुईस विद्यापीठानं त्यापुढे जाऊन तासिका सुमारे १० टक्क्यांनी कमी केल्या, आवडीच्या विषयांना वेळ दिला आणि विद्यार्थी-शिक्षकांचे छोटे गट बांधले. नैराश्य आणि चिंतेची लक्षणं तिथे ठळकपणे घटली. समुपदेशक वाढवण्याआधी त्यांनी वेळापत्रकाला हात घातला, हे महत्त्वाचं.

भारतात बदल आला २०१९च्या बॅचपासून, क्षमताधारित अभ्यासक्रमाच्या रूपानं, म्हणजे डॉक्टरला प्रत्यक्ष काय करता आलं पाहिजे यावर बेतलेल्या अभ्यासक्रमाच्या रूपानं. तेव्हा सुरुवातीला महिन्याभराचा फाउंडेशन कोर्स, पहिल्या वर्षापासून रुग्णांशी गाठ, वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारं ‘एटकॉम’, व्याख्यानं एकतृतीयांशाहून जास्त नकोत आणि ऑड बॅच बंद. कागदावर उत्तम. अडचण अंमलबजावणीत आहे. एकात्मिक तासाला तीन विभागांचे शिक्षक एकत्र लागतात, गटशिक्षणाला छोट्या बॅच. शिक्षक अपुरे असले की स्वयंअध्ययनाच्या तासाला पुन्हा व्याख्यानच होतं. शिकलेल्या कौशल्यांची नोंदवही, म्हणजे लॉगबुक, तर परीक्षेच्या तोंडावर एकदम सह्या होऊन भरतं. आधीची व्याख्यानं तशीच राहतात आणि वर नवी कागदपत्रं चढतात. दिलासा देण्यासाठी आणलेल्या पद्धतीचंच ओझं होतं. त्यात पहिलं वर्ष पास व्हायला चारच संधी.

वैद्यकीय परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर २०२४मध्ये अहवाल दिला. ऑनलाइन पाहणीत २५,५९० पदवीपूर्व विद्यार्थी सहभागी झाले, २७.८ टक्क्यांनी मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. स्वेच्छेनं भरलेल्या अर्जांचा हा आकडा सगळ्या विद्यार्थ्यांना लावता येत नाही. पण कोणत्याही कॉलेजला आपल्याकडे किती व्याख्यानं, किती चाचण्या आणि प्रत्येक चाचणीनंतर किती दिवसांत उत्तरपत्रिका परत मिळते, एवढं मोजायला वेगळ्या पाहणीची गरज नाही.