डम्पलिंगचं सारण: तुर्पानपासून गोठणगावपर्यंत

घरी मोमो किंवा वॉन्टन, म्हणजे सारण भरलेली डम्पलिंग, करताना कोणी पनीर भरतं, कोणी मशरूम, कोणी कालचा उरलेला खिमा. त्यावर ‘हे काही अस्सल नाही’ असा शेरा हमखास येतो. मला तो शेरा पटत नाही. गव्हाच्या पिठाची पारी शतकानुशतकं जवळपास तशीच राहिली. आत काय जायचं हे मात्र त्या त्या गावची हवा, तिथला बाजार आणि माणसांचा खिसा ठरवत आले.

चीनच्या शिनच्यांगमध्ये तुर्पानजवळ आस्ताना इथे जुनी थडगी आहेत. त्यांत थांग राजवटीच्या काळातली (इ.स. ६१८ ते ९०७) डम्पलिंग सापडली. वाळवंटातल्या कोरड्या हवेत ती वाळून टिकली. आकार अर्धचंद्राचा, आज उत्तर चीनमध्ये घरोघरी वळतात तसाच.

जन्मकथा मात्र त्याहून जुनी सांगतात. हान काळातला वैद्य चांग चोंगचिंग याने थंडीने गारठून कानांना जखमा झालेल्या गरिबांसाठी मटण आणि औषधी मसाले कणकेत बांधून उकळून दिले, अशी ती कथा. ती कथा म्हणूनच ऐकावी. कुणी कुणी त्या मसाल्यांत मिरचीही घालतात, ते तर शक्यच नाही: अमेरिका खंडातली मिरची चीनला पोचली ती १६व्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी झणझणीतपणासाठी हाताशी होती सिचुआन मिरी. बांगड्याच्या तिखल्यात पडणारं आपलं कोकणी तिरफळ तिच्याच कुळातलं.

बिनमांसाचं सारण ही आजची टूम आहे असं वाटत असेल, तर १३व्या शतकातल्या लिन होंग या चिनी लेखकाने लिहून ठेवलेली वॉन्टनची कृती पाहावी. बांबूचे कोवळे कोंब आणि नेच्याचे कोवळे शेंडे गरम पाण्यातून काढायचे, त्यात सॉस, मसाला आणि तेल मिसळायचं, की सारण तयार. डोंगरात जे उगवतं तेच पारीत.

उत्तर चीनचा कडक हिवाळा मात्र कोबीचा. लांबट चिनी कोबी थंडीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि महागडं डुकराचं मांस त्याच्या जोडीने पुरवठ्याला येतं. या सारणाची खरी कसोटी पाण्याची. चिरलेल्या कोबीला मीठ लावून ठेवायचं, मग मुठीत धरून घट्ट पिळायचा. पिळला नाही तर पारी भिजून फुटते. आणि निघालेलं पाणी जाणत्या घरात फेकत नाहीत. ते थोडं थोडं खिम्यात घालतात आणि खिमा एकाच दिशेने फेटत राहतात. खिमा ते पाणी पिऊन चिकट होतो, आणि शिजल्यावर चावताक्षणी तोंडात रस येतो. हे एक तंत्र हाती आलं की सारणात कुठलीही भाजी चालते.

ईशान्य चीनमध्ये हाच कोबी आंबवून वापरतात. शानतुंगच्या किनाऱ्यावर, छिंगताओच्या बाजूला, आपल्या सुरमईच्या जातकुळीतल्या माशाचं सारण करतात. शांघायच्या मोठ्या वॉन्टनमध्ये मांसासोबत एक रानभाजी असते. दक्षिणेला ग्वांगतुंगमध्ये कोळंबी आणि डुकराचं मांस, तर रश्शाला सुक्या माशाचा स्वाद.

१९४५ नंतर मांचुरियातून (जपानच्या ताब्यात असलेल्या ईशान्य चीनमधून) परतलेल्या जपानी सैनिकांनी आणि तिथे वसलेल्या कुटुंबांनी हा पदार्थ जपानला नेला. उत्सुनोमिया शहर आज ग्योझासाठी, म्हणजे याच्याच जपानी रूपासाठी, प्रसिद्ध आहे, कारण तिथली जपानी सैन्याची १४वी डिव्हिजन मांचुरियात होती. चीनमध्ये लसूण बहुधा सोबत खातात किंवा चटणीत घालतात. जपानमध्ये ती थेट सारणात गेली. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ट्रेडर व्हिक्स या रेस्तराँने १९५०च्या दशकात वॉन्टनच्या पारीत खेकडा आणि क्रीम चीज भरून तळलं. चिनी घरगुती स्वयंपाकात क्रीम चीज वापरत नसत, तरी अमेरिकेत तो ‘चिनी’ पदार्थ म्हणून रुजला.

आपल्याकडची वाट तिबेटची. तिथल्या मोमोत याकचं मांस, कांदा, मीठ, फार काही नाही. इतक्या उंचावर भाज्या कुठून येणार? ल्हासाशी व्यापार करणाऱ्या नेवार व्यापाऱ्यांच्या काठमांडू खोऱ्यात तोच मोमो म्हशीच्या मांसाचा झाला, जिरं-धण्याच्या मसाल्यासह. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित भारतभर वसले. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळ १९७०च्या दशकापासून त्यांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत आहे. भारतात याक मिळेना आणि गिऱ्हाइकांत शाकाहारी बरेच, तेव्हा कोंबडी आली, कोबी-गाजर आलं. पुढे दिल्लीच्या गाड्यांवर पनीर आलं, सोया आला.

पनीरच्या सारणाची अडचण कोबीच्या उलट आहे. ते फारसं पाणी सोडत नाही, म्हणून कोरडं लागतं. बारीक चिरलेला कांदा आणि थोडं लोणी मिसळलं की ते मऊ राहतं.