कोळ्याच्या बिळातली सापसुरळी

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माळरानावरची पिग्मी ब्लूटंग ही सापसुरळीच्या कुळातली. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेमतेम 9-10 सेंटीमीटर. (नावात निळी जीभ असली तरी हिची जीभ गुलाबी.) बिळावाचून तिचं पान हलत नाही, पण बीळ काही ती स्वतः खणत नाही. लांडगा कोळी आणि ट्रॅपडोअर कोळी सरळ खाली जाणारी, गोल तोंडाची बिळं करतात. ती रिकामी झाली की ही आत शिरते.

1959 नंतर ती कुणाला दिसलीच नाही, त्यामुळे नामशेष झाली असं धरलं गेलं. ऑक्टोबर 1992 मध्ये बर्रा गावाजवळ रस्त्यावर मेलेल्या एका सापाच्या पोटात ती सापडली. म्हणजे साप तिला बरोबर शोधत होते. माणसांनाच ती दिसत नव्हती.

न दिसण्याचं कारण तिच्या दिनक्रमात आहे. ऊन आलं की ती बिळाच्या तोंडाशी येते, डोकं आणि पुढचे पाय बाहेर काढून शेकत बसते. नाकतोडा टप्प्यात आला की झडप घालायची आणि पुन्हा आत. विष्ठा टाकायला मात्र बिळापासून दूर जाते. वसंतात नर माद्यांच्या शोधात बाहेर पडतात, तेव्हा पक्ष्यांच्या आणि सापांच्या तावडीत सापडतात. मादी अंडी घालत नाही. उन्हाळा सरता सरता एक ते चार पिल्लांना बिळातच जन्म देते. काही आठवड्यांत पिल्लं आपापलं बीळ शोधायला निघतात.

बिळाचं माप नेमकं लागतं. तोंड डोक्यापेक्षा किंचितच रुंद हवं, नाहीतर शत्रूला वाट मोकळी. उथळ बीळ उन्हाळ्यात तापतं. म्हणून संशोधक सुमारे 30 सेंटीमीटर लांबीच्या, आत 2 सेंटीमीटरचं भोक पाडलेल्या लाकडी नळ्या जमिनीत ठोकतात आणि सापसुरळ्या त्यात बिनतक्रार राहायला येतात.

मेंढ्यांची चराई बेताची असेल तर चालते. गवत फार माजलं तर भक्ष्य दिसत नाही. कळप जास्त झाला तर खुरांनी बिळं बुजतात. नांगर फिरला की मात्र कोळी, बिळं, सापसुरळ्या सगळंच एका तासात जातं, आणि हा मुलूख गव्हाचा.

दुसरीकडे नेऊन सोडलेली सापसुरळी नवी जागा सोडून निघून जाते, ही आणखी एक अडचण. प्रयोगात जिथे वरून खाऊ पुरवला, तिथे त्या कमी भटकल्या.