बडोद्याचे मोडी दप्तर आणि वाचणारे यंत्र

गायकवाडांचा मुलूख गुजरातेत, पण बडोद्याच्या जुन्या दप्तराची भाषा मराठी आणि लिपी मोडी. पुढे कारभारात गुजराती वाढली. १९३१ साली संस्थानाने ‘सयाजी शासन शब्द कल्पतरू’ छापला. त्यात इंग्रजी राज्यकारभाराच्या संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द आहेत. हे मोडी कागद आता संगणकाने, म्हणजे वाचणाऱ्या यंत्राने, वाचायचे आहेत. एक शब्द टाकून त्याच अर्थाचे इतर भाषांतले शब्दही शोधायला यंत्राला शिकवायचे, तर याहून चांगली सुरुवात बडोद्याला मिळणार नाही.

१९३४ पासून निवडक कागदांचे खंड निघाले. निवड म्हटली की बाकीचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) बांधलेलेच राहतात. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, मोडी शाळेतून गेली आणि वाचणारे कमी होत गेले. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतांत, जागा मिळाली ती २०१४ साली. नुसते स्कॅन करून भागत नाही, कारण चित्रातला शब्द शोधता येत नाही. २०२५ मध्ये आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी २,०४३ मोडी पानांचा देवनागरी लिप्यंतरासह संच पुढे आणला. यंत्राला शिकवायला अशा जोड्याच लागतात.

देवनागरीवर तयार झालेले यंत्र मोडीपुढे का अडते? मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढतो आणि मग अक्षरे लटकवतो. शब्दांत जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसते. वरच्या ओळीचे फरांटे खालच्या शिरोरेषेला छेदतात, तिथे ओळी तोडतानाच घोळ होतो. म्हणून स्कॅन ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके), रंगीत घ्यावे. मागची शाई उमटत असेल तर पानाखाली काळा कागद ठेवावा.

जमाखर्चात ‘४॥’ म्हणजे साडेचार. यंत्र त्या दोन दंडांना पूर्णविराम समजते आणि रक्कम चार होते. ‘मौ।’ हे ‘मौजे’ (गाव) या शब्दाचे संक्षिप्त रूप, तिथेही तेच. सर्वांत घातक चूक मात्र नव्या भाषा-प्रारूपांची, म्हणजे मजकूर जुळवणाऱ्या संगणकी प्रणालींची. अक्षर न लागल्यास ती अर्थपूर्ण वाटणारा शब्द घालून मोकळी होतात. वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

अचूकतेचे आकडेही नीट पाहावेत. अक्षरे ९० टक्के बरोबर असली, तर पाच अक्षरांचा शब्द पूर्ण बरोबर येण्याची शक्यता सुमारे ५९ टक्केच. म्हणून शोधात इ-ई, उ-ऊ एकच धरावेत आणि एखाद्या अक्षराचा फरक चालवून घ्यावा. चाचणी शिकवणीत नसलेल्या कारकुनाच्या हस्ताक्षरावर घ्यावी, नाहीतर निकाल फुगतो.

तारखांना वेगळा नियम लागतो. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे ६, ७०, १०० आणि १०००, शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली वर्षगणना) ११७६. हे वर्ष मृगापासून सुरू होते. त्यामुळे इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून ६००. ‘सीत’च्या जागी ‘तीसा’ (९) वाचले की कागद तीन वर्षे पुढे सरकतो. अशा ठिकाणी लिप्यंतराशेजारी त्याच ओळीचे चित्र दिसलेच पाहिजे आणि शेवटचा शब्द मोडी जाणकाराचा असला पाहिजे.