अध्यक्षपदाची तोंडी परीक्षा

नोव्हेंबर 1999. टेक्सासचे गव्हर्नर जॉर्ज बुश रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळवण्याच्या खटपटीत होते. बोस्टनच्या एका टीव्ही वाहिनीचे राजकीय बातमीदार अँडी हिलर यांनी मुलाखतीत त्यांना एकदम चार नावे विचारली. चेचन्या, तैवान, पाकिस्तान आणि भारत, या चार ठिकाणी सत्तेवर कोण आहे? तैवानसाठी बुश नुसते 'ली' म्हणाले. तिथे ली तेंग-हुई अध्यक्ष होते, तेव्हा अर्धे गुण द्यायला हरकत नाही. पाकिस्तानात मुशर्रफ यांनी सत्ता बळकावून तीनच आठवडे झाले होते. बुश यांना 'जनरल' आठवला, त्याचे नाव आठवेना. वाजपेयींचे नाव तर आलेच नाही. वैतागून त्यांनी हिलर यांनाच विचारले, मेक्सिकोचा परराष्ट्रमंत्री कोण ते सांगा पाहू. हिलर म्हणाले, नाही सांगता येत, पण मी काही अध्यक्षपदाला उभा नाही.

पोखरणच्या चाचण्यांना दीड वर्ष आणि कारगिलची लढाई थांबून जेमतेम तीन महिने झालेले. अशा वेळी भारताच्या पंतप्रधानाचे नाव अमेरिकेच्या भावी अध्यक्षाला ठाऊक नसावे, हे आपल्याला झोंबणारच. पण पुढे काय झाले? बुश निवडून आले आणि भारताबरोबरच्या अणुकराराची घोषणा 2005 मध्ये मनमोहन सिंग यांच्यासोबत त्यांनीच केली. 2008 मध्ये तो करार तडीसही नेला. इकडे चेचन्याच्या नेत्याचे नाव मात्र त्यांच्या कारकिर्दीत कुणी त्यांना पुन्हा विचारल्याचे ऐकिवात नाही.

उमेदवारांच्या जाहीर वादचर्चेत, म्हणजे डिबेटमध्ये, त्यांचे सामान्यज्ञान तपासावे की नाही, हा वाद अमेरिकेत दर चार वर्षांनी उकरला जातो. वरवर तो 'तपासावे' आणि 'तपासू नये' असा दिसतो. इतिहास पाहिला की खरे भांडण निराळेच निघते. पेपर काढणार कोण, आणि मुख्य म्हणजे तपासणार कोण?

राज्यघटनेने यात लक्ष घातलेलेच नाही. वय 35, जन्माने नागरिकत्व, देशात 14 वर्षे वास्तव्य, एवढ्यावर अध्यक्षपदाची पात्रता संपते. गंमत अशी की बाहेरून येऊन नागरिक होणाऱ्याला मात्र परीक्षा आहे. न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या कितीतरी मराठी घरांत तिच्या 100 प्रश्नांची यादी पाठ झालेली असे. 2025 पर्यंत चाललेल्या 2008 च्या पद्धतीनुसार त्यातले 10 विचारले जात आणि 6 बरोबर आले की पास. मग अध्यक्षालाच सूट का, असे कुणीही विचारील. त्याचे एक उत्तर काळ्या अमेरिकनांच्या इतिहासात आहे. दक्षिणेतल्या राज्यांत मतदार नोंदणीच्या वेळी 'साक्षरता चाचणी' घेतली जाई. पेपर काढणारा आणि तपासणारा गोरा कारकून, त्यामुळे कोण नापास होणार हे आधीच ठरलेले. 1965 च्या मतदान हक्क कायद्याने या चाचण्यांना वेसण घातली. ज्या देशाने हे पाहिले आहे तिथे उमेदवारांचीही सरकारी परीक्षा घ्या म्हणणारा सहसा भेटत नाही. राहता राहिली ती अनौपचारिक परीक्षा, आणि ती डिबेटच्या गळ्यात पडली.

मुळात डिबेटमध्ये परीक्षक नव्हताच. 1858 मध्ये इलिनॉयमध्ये अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस सात गावांत समोरासमोर उभे राहिले. ती निवडणूक सिनेटची होती, अध्यक्षपदाची नव्हे. एकाने तासभर बोलायचे, दुसऱ्याने दीड तास, मग पहिल्याने अर्धा तास उत्तर द्यायचे. मध्ये प्रश्न विचारायला कुणी नाही. समोरच्याने चुकीचे सांगितले तर ते खोडायचे काम प्रतिस्पर्ध्याचे, आणि निवाडा समोरच्या गर्दीचा. 1948 मध्ये ओरेगनच्या प्राथमिक फेरीत रिपब्लिकन उमेदवारीसाठी झगडणारे ड्यूई आणि स्टॅसन रेडिओवर भिडले तेव्हाही विषय एकच होता : कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालावी की नाही. माहिती तिथेही लागलीच, पण युक्तिवादाच्या पोटात.

प्रश्नकर्ते आले 1960 मध्ये, टीव्हीबरोबर. हे का घडले ते पाहण्यासारखे आहे. त्याआधीची काही वर्षे अमेरिकी टीव्हीवर प्रश्नमंजुषांचे राज्य होते. काचेच्या खोलीत घाम पुसत उत्तरे देणारे स्पर्धक घराघरांत पोचले होते. त्यांतला सगळ्यांत लाडका चार्ल्स व्हॅन डोरेन, कोलंबिया विद्यापीठातला तरुण अध्यापक, 1 लाख 29 हजार डॉलर जिंकून गेला होता. नोव्हेंबर 1959 मध्ये त्याने संसदीय उपसमितीपुढे कबूल केले की उत्तरे आपल्याला आधीच दिली जात होती. वाहिन्यांची अब्रू गेली. गेलेली पत परत मिळवण्यासाठी त्यांना काहीतरी भारदस्त हवेच होते, आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांना फुकट वेळ देण्याइतके भारदस्त दुसरे काय असणार? सगळ्या उमेदवारांना समान वेळ देण्याचे कायद्याचे बंधन संसदेने त्या निवडणुकीपुरते बाजूला ठेवले, आणि 26 सप्टेंबर 1960 ला शिकागोच्या स्टुडिओत केनेडी आणि निक्सन उभे राहिले. समोर पत्रकारांचे मंडळ. एक प्रश्न, अडीच मिनिटे उत्तर.

इतिहासकार डॅनियल बूर्स्टिन यांनी लगेच नस पकडली. ही तर पुन्हा प्रश्नमंजुषाच आहे, बक्षीस तेवढे वेगळे, वर्षाला एक लाख डॉलर पगाराची चार वर्षांची नोकरी, असा त्यांचा टोला होता. अडीच मिनिटांत झटपट उत्तर देणे हा अध्यक्षाच्या कामाचा भागच नाही, हे त्यांचे म्हणणे मला आजही खोडता येत नाही. तिसऱ्या डिबेटनंतर तर निक्सन यांनी तक्रार केली की केनेडी सोबत आणलेल्या कागदांत पाहून बोलले. आपल्या भाषेत, कॉपी केली. कागद न आणण्याचा दंडक आजही आहे. 2024 मध्येसुद्धा उमेदवाराला कोरी वही, पेन आणि पाण्याची बाटली एवढेच मिळाले. ज्याच्या दिमतीला पुढे शेकडो तज्ज्ञ असणार आहेत त्याला पाठांतरावर उभे करायचे, यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही.

(निक्सन रेडिओवर जिंकले आणि टीव्हीवर हरले, ही कथा इथे सांगायची प्रथा आहे. जिच्या आधारावर ती सांगतात ती पाहणी इतकी लहान होती की तिच्यावर एवढी इमारत उभी राहू नये.)

मग सोळा वर्षे डिबेट झाली नाही. 1976 मध्ये ती परतली तेव्हा आयोजक होती महिला मतदारांची संघटना, लीग ऑफ विमेन व्होटर्स. आणि त्याच वर्षी या सगळ्या प्रकरणातला सगळ्यांत बोलका प्रसंग घडला.

6 ऑक्टोबर, सॅन फ्रान्सिस्को. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मॅक्स फ्रँकेल यांच्या प्रश्नाला उत्तर देताना अध्यक्ष जेरल्ड फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, आणि फोर्ड सरकारच्या काळात कधी असणारही नाही. फ्रँकेल चक्रावले. त्यांनी दुरुस्तीची संधी दिली. फोर्ड यांनी ती घेण्याऐवजी युगोस्लाव्हिया, रुमानिया, पोलंड अशी नावे घेत मुद्दा आणखी पक्का केला. पोलंडमध्ये सोव्हिएत फौजा होत्या, आणि हे दोन वर्षे अध्यक्ष असलेल्या माणसाला माहीत नव्हते असे मुळीच नाही. पोलिश जनता मनाने दबलेली नाही, असे काहीतरी त्यांना म्हणायचे होते. म्हणजे ज्ञानाची चूक नव्हती, मांडणीची होती. पण खरी मजा पुढे आहे. डिबेट संपल्या संपल्या घेतलेल्या चाचण्यांत प्रेक्षकांना ही चूक फारशी जाणवलेली दिसली नाही. रात्रीतून टीव्हीवरच्या विश्लेषकांनी आणि सकाळी वर्तमानपत्रांनी ती लाल शाईने अधोरेखित केली, आणि मग फोर्ड हरले असे लोकांचे मत झाले. परीक्षा रात्री झाली, निकाल दुसऱ्या दिवशी लागला, कारण उत्तरसूची प्रेक्षकांकडे नव्हती, पत्रकारांकडे होती.

पुढच्या खेपेला तर पेपरच फुटला. 1980 मध्ये कार्टर यांच्या तयारीची वही रेगन यांच्या गोटात पोचली होती. रेगन यांचा सराव घेताना कार्टरची भूमिका करणाऱ्या डेव्हिड स्टॉकमन यांनी ती वापरली. प्रकरण बाहेर आले 1983 मध्ये, रेगन अध्यक्ष असताना. संसदेच्या उपसमितीने चौकशी केली, खटला कुणावरच झाला नाही. 1988 मध्ये दोन्ही पक्षांच्या प्रचारप्रमुखांनी आपसांत ठरवलेल्या अटी पाहून लीगने हात झटकले. ही अमेरिकी मतदाराची फसवणूक आहे, आणि तिच्यात आम्ही भागीदार होणार नाही, असे त्यांनी जाहीर पत्रकात म्हटले. त्यानंतर सूत्रे दोन्ही पक्षांच्या पुढाकाराने 1987 मध्ये स्थापन झालेल्या डिबेट आयोगाकडे गेली. परीक्षार्थींनीच परीक्षा मंडळ नेमले, असे कुणी म्हटले तर फार चुकीचे होणार नाही.

हिलर यांच्यासारखाच अचानक प्रश्न फ्रान्समध्ये उमेदवारानेच उमेदवाराला विचारला होता. 5 मे 1981 च्या डिबेटमध्ये अध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी मित्तराँ यांना जर्मन मार्कचा त्या दिवशीचा भाव विचारला. मित्तराँ यांनी बजावले की मी तुमचा विद्यार्थी नाही. पाच दिवसांनी तेच निवडून आले. 2007 मध्ये तिथे आणखी मौज झाली. फ्रान्सच्या विजेत अणुऊर्जेचा वाटा किती यावर सेगोलेन रॉयाल म्हणाल्या 17 टक्के, सार्कोझी म्हणाले निम्मा. खरा आकडा होता पाऊणाहून थोडा जास्त. दोघेही नापास, आणि त्यांतले एक अध्यक्ष झाले. अमेरिकेत 2011 मध्ये एका डिबेटमध्ये रिपब्लिकन उमेदवारी मागणारे रिक पेरी यांना आपण बंद करणार असलेल्या तीन खात्यांपैकी तिसरे आठवेना. पन्नासेक सेकंद धडपडून ते 'ऊप्स' म्हणाले. ते खाते होते ऊर्जा. 2017 मध्ये ते त्याच खात्याचे मंत्री झाले.

तेव्हा सामान्यज्ञान विचारूच नये? मला तसे वाटत नाही, आणि याला कारण रेडिओवरचे ह्यू ह्यूइट. सप्टेंबर 2015 मध्ये त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना नसरल्ला, जवाहिरी, बगदादी आणि जुलानी ही दहशतवादी मानल्या गेलेल्या संघटनांच्या म्होरक्यांची नावे ओळखीची आहेत का असे विचारले. ट्रम्प म्हणाले, आपण सत्तेवर येईपर्यंत हे सगळे बदललेले असतील. ते अडचणीत आणणारे प्रश्न आहेत अशी तक्रारही त्यांनी केली. त्याच मुलाखतीत इराणी सेनाधिकारी सुलेमानींबद्दल बोलताना त्यांनी 'कुद्स' दलाऐवजी 'कुर्द' ऐकले. नंतर बगदादी आणि सुलेमानी दोघेही ट्रम्प यांच्याच आदेशावरून झालेल्या कारवायांत मेले. आणि जुलानी, म्हणजे अहमद अल-शरा, सीरियाचे अध्यक्ष झाले. 2025 मध्ये ट्रम्प यांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केले, व्हाइट हाउसमध्येही बोलावले. नावांच्या प्रश्नाची ही गत.

पण त्याच ह्यूइट यांनी डिसेंबर 2015 मध्ये लास व्हेगासच्या डिबेटमध्ये वेगळा प्रश्न टाकला : अणुत्रयीतल्या कोणत्या भागाला तुम्ही प्राधान्य द्याल? बॉम्बफेकी विमाने, जमिनीवरची क्षेपणास्त्रे आणि पाणबुड्या, ही ती त्रयी. ट्रम्प इराकवर बोलले, अण्वस्त्रांच्या संहारशक्तीवर बोलले, त्रयीवर नाही. मंचावरचे दुसरे उमेदवार मार्को रुबिओ यांनी मग प्रेक्षकांना ती समजावून सांगितली. या प्रश्नात नाव-गाव काही घोकायचे नव्हते. ज्या शस्त्रांचे आदेश या माणसाच्या हाती जाणार आहेत त्यांची रचना त्याला कळते का, एवढेच पाहायचे होते, आणि उत्तर न येणे ही माहिती मतदाराच्या कामाची होती. मतदारांनी ती कामाची मानली नाही आणि उमेदवारी ट्रम्प यांनाच मिळाली, हा भाग वेगळा.

एव्हाना भर मात्र सरकला होता. उमेदवाराला काय माहीत आहे यापेक्षा तो सांगतो ते खरे आहे का, याकडे. डिसेंबर 2003 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग केंद्राने फॅक्टचेक डॉट ऑर्ग सुरू केले. पुढच्याच वर्षी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी डिबेटमध्ये त्याचा हवाला दिला, पण चुकून 'डॉट कॉम' म्हणाले. तो पत्ता तिसऱ्याच कुणाचा होता आणि थोड्याच वेळात तो लोकांना बुश यांचे कट्टर विरोधक जॉर्ज सोरोस यांच्या पानावर नेऊ लागला.

मग प्रश्न आला, ही तपासणी मंचावरच का करू नये? 2012 मध्ये लिबियातल्या बेंगाझी इथे अमेरिकी कचेरीवर झालेल्या हल्ल्यावरून रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी ओबामांना घेरत असताना सूत्रसंचालक कँडी क्राउली यांनी मध्येच सांगितले की ओबामांनी 'दहशतवादी कृत्य' हे शब्द वापरले होते. रॉम्नींच्या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे हेही त्या लगेच म्हणाल्या, पण ते कुणाच्या लक्षात राहिले नाही. 2016 मध्ये आयोगाच्या कार्यकारी संचालक जॅनेट ब्राउन यांनी सूत्रसंचालकाला एनसायक्लोपीडिया ब्रिटानिका बनवण्यास विरोध केला.

2024 मध्ये आयोगच बाजूला पडला आणि वाहिन्यांनी थेट उमेदवारांशी अटी ठरवल्या. 27 जूनला अटलांटात सीएनएनच्या सूत्रसंचालकांनी कुणाचेही विधान खोडले नाही. ट्रम्प यांची अनेक विधाने तशीच गेली, आणि तरी त्या रात्रीने बायडन यांची उमेदवारी संपवली, तीही तथ्यांवरून नव्हे, तर त्यांचा आवाज आणि अडखळणे पाहून. 10 सप्टेंबरला ट्रम्प आणि कमला हॅरिस यांच्या डिबेटमध्ये एबीसीने उलटे केले. ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये स्थलांतरित लोक पाळीव प्राणी खातात, असे ट्रम्प म्हणताच सूत्रसंचालक डेव्हिड म्युअर यांनी सांगितले की आम्ही शहराच्या व्यवस्थापकांकडे चौकशी केली, असा विश्वासार्ह अहवाल नाही. आपल्याविरुद्ध हॅरिस आणि दोन सूत्रसंचालक असे तिघे होते, अशी ट्रम्प यांची नंतरची तक्रार होती.

1 ऑक्टोबरला उपाध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये स्प्रिंगफील्डचा विषय पुन्हा निघाला. तिथल्या अनेक हैतीयन स्थलांतरितांना कायदेशीर दर्जा आहे, असे सीबीएसच्या मार्गारेट ब्रेनन यांनी सांगितले, तेव्हा रिपब्लिकन उमेदवार जे. डी. व्हान्स यांनी आठवण करून दिली की तुम्ही तथ्ये तपासायची नाहीत असे ठरले होते. ते पुढे बोलतच राहिले, आणि थोड्या वेळाने दोन्ही उमेदवारांचे माइक बंद केले गेले. तपासणी सीबीएसने पडद्याच्या कोपऱ्यात ठेवली होती. तिथे क्यूआर कोड होता, ज्याला हवे त्याने फोन पुढे करावा.