तहकुबीपासून मुदतवाढीपर्यंत: आपत्तीतील करसवलतीची पार्श्वभूमी

महापूर ओसरतो न ओसरतो तोच करखात्याची अधिसूचना निघते आणि बाधित जिल्ह्यांपुरती विवरणपत्राची व भरण्याची तारीख पुढे जाते. ही सोय अलीकडची वाटत असली, तरी तिचे मूळ शेतसाऱ्याच्या तहकुबीत आहे. महसुली भाषेत तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणे आणि सूट म्हणजे देणेच सोडून देणे. पहिलीसाठी सरकारचा हात जितका सैल, तितका दुसरीसाठी आखडता राहिला आहे.

मुंबई इलाख्यात १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर भागात नवी मोजणी सुरू केली आणि पुढे सारा ३० वर्षांसाठी ठरवण्याची पद्धत रुळली. आकारणी मुळातच बेताची आणि बऱ्या-वाईट सालांची सरासरी धरून केलेली असल्याने रयतेने सुगीतली शिल्लक दुष्काळासाठी राखावी आणि दरसाल सूट मागू नये, असा त्यामागचा हिशेब होता. तो कागदावर चोख होता. प्रत्यक्षात मात्र सुगीतली शिल्लक बहुधा सावकाराच्या घरी जाई. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या स्ट्रॅची आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला, त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या आणि सवलतीला काही एक नियमाचा आधार मिळाला. १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत रयतेला हेच नियम समजावून सांगितले, तेव्हा सरकार चिडले आणि पुढच्याच वर्षी त्याने सभेची मान्यता काढून घेतली. नियम करणारालाच तो लोकांना ठाऊक होणे जड गेले, असा हा प्रसंग आहे.

खरा तंटा पेटला तो मापावरून. सोळा आणे म्हणजे पुरे पीक, या हिशेबाने पीक चार आण्यांच्या खाली गेल्यास त्या सालच्या साऱ्याची संपूर्ण तहकुबी मागता येत असे. १९१७ च्या अतिवृष्टीनंतर खेडा जिल्ह्यातील शेतकरी पीक चार आण्यांहून कमी म्हणत होते, सरकारी अंदाज त्याहून वरचा होता आणि निःपक्ष चौकशीची मागणी मान्य होत नव्हती. २२ मार्च १९१८ रोजी गांधीजी आणि वल्लभभाई पटेल यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सत्याग्रहामागे साऱ्याच्या रकमेइतकाच हा आण्यांचा वाद होता.

स्वातंत्र्यानंतर पीक आण्यांत मोजणाऱ्या या आणेवारीची पैसेवारी झाली, म्हणजे पुरे पीक शंभर पैसे धरले जाऊ लागले. निवडलेल्या शेतातील ठरावीक मापाच्या तुकड्यावरचे पीक कापायचे, मळायचे, तोलायचे आणि त्यावरून गावाचा आकडा काढायचा. तो ५० पैशांच्या खाली गेला की टंचाईचा दावा उभा राहतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ने पीक बुडाल्यास सूट व तहकुबीचा अधिकार राज्य सरकारकडे ठेवला. ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हाही सवलतींमध्ये जमीन महसुलातील सूट होतीच. वास्तविक शेतसारा आज इतका किरकोळ आहे की या सूटीने कोणाचे घर सावरत नाही.

भार आता अन्य करांचा आहे. मार्च २०२६ अखेरपर्यंत लागू असलेल्या आयकर कायदा, १९६१ च्या कलम ११९ खाली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ मुदतवाढीचे आदेश काढू शकत असे. २०१८ च्या महापुरानंतर केरळमधील करदात्यांची विवरणपत्राची मुदत ३१ ऑगस्टवरून १५ सप्टेंबर झाली ती अशीच. मात्र विवरणपत्राची तारीख सरकली म्हणून आगाऊ कराच्या हप्त्यांवरील व्याज आपोआप थांबत नाही, हे अनेकांच्या ध्यानात उशिरा येते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात २०२० साली मुदतवाढीचा अधिकार देणारे कलम १६८अ आले आणि युद्ध, साथ, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ व भूकंप ही कारणे त्यात नावानिशी नोंदवली गेली.

माप मात्र अजूनही सरासरीचेच आहे, फक्त गावाच्या जागी जिल्हा आला आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर वस्तू व सेवा कराचे जुलैचे मासिक विवरणपत्र भरण्यास कोल्हापूर व सांगलीसह यादीतील जिल्ह्यांना २० सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली, तर इतरांसाठी शेवटची तारीख २२ ऑगस्ट होती. ही सवलत व्यवसायाच्या नोंदणीकृत मुख्य ठिकाणावरून ठरत होती. म्हणजे ज्याचे गोदाम सांगलीत छपरापर्यंत बुडाले, पण नोंदणी पुण्याची होती, त्याच्यासाठी तारीख २२ ऑगस्टच राहिली.