शुगर मोजण्याचा हिशेब

ग्लुकोमीटर हल्ली स्वस्त मिळतो, कधी पट्ट्यांच्या डबीबरोबर फुकटही. पैसे जातात ते पट्ट्यांवर. एक पट्टी साधारण पंधरा-वीस रुपयांना पडते. रोज दोनदा बोट टोचायचे म्हटले की महिन्याला हजाराच्या घरात. यंत्रमागावर किंवा विड्या वळून चालणाऱ्या सोलापुरातल्या घराला ही रक्कम जड आहे. गंमत म्हणजे ज्यांना नुसती मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू आहे, त्यांचा गोळ्यांचा खर्च बहुतेक वेळा याहून कमी असतो.

एवढे मोजून हाती काय लागते? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये इन्सुलिन न घेणाऱ्या, टाइप २ मधुमेहाच्या ४५० रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींनी घरी शुगर मोजलीच नाही, बाकीच्यांनी रोज एकदा मोजली. २०१७ साली निष्कर्ष आले, तेव्हा वर्षाअखेर दोघांच्या ‘तीन महिन्यांच्या शुगर’मध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. मला यात नवल वाटत नाही. सकाळी उपाशीपोटी १५२ आले, वहीत लिहिले, वही कपाटात ठेवली, आणि जेवण, चालणे, गोळी सगळे कालच्यासारखेच राहिले, तर आकड्याने शुगर उतरणार कशी?

इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा डोस आकड्यावर ठरतो, तिथे पट्टीत काटकसर नको. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनीही दोन-चार पट्ट्या घरात ठेवाव्यातच. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. एकादशीला निरंकार उपवास आणि गोळी मात्र नेहमीची, असे झाले की घाम फुटतो, हात थरथरतात. आकडा ७०च्या खाली असेल तर लगेच साखर खायची, उपवास असला तरी. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे, हे डॉक्टरांना आदल्या भेटीतच विचारून ठेवावे.

बाकीच्यांनी पट्ट्या जोडीने वापराव्यात. पहिल्या घासाआधी एक, आणि तिथून दोन तासांनी दुसरी. ‘ज्वारी शुगरला चालते’ हे आपल्याकडे ठाम समजले जाते. मंगळवेढ्याची ज्वारी झाली तरी ती पिष्टमयच. एक भाकरी चालेल, तीन चालतीलच असे नाही. तुमच्या शरीराला किती झेपतात, हे त्या दोन पट्ट्या सांगतात. साबुदाण्याच्या खिचडीलाही एकदा ही परीक्षा द्यायला लावा, मग तिची बाजू कोणी घेणार नाही. जेवणानंतरचा आकडा बहुतेकांसाठी १८०च्या आत असावा.

मोजताना एक भान हवे. पट्टीवर एक एन्झाइम असते. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया होऊन इलेक्ट्रॉन सुटतात आणि तो सूक्ष्म विद्युतप्रवाह यंत्र मोजते. १०० किंवा त्याहून जास्त शुगरला १५ टक्के इकडेतिकडे ही चूक आंतरराष्ट्रीय मानकातच मान्य आहे. खरी शुगर २०० असेल तर यंत्र १७० दाखवील किंवा २३०. त्यामुळे काल १८६ आणि आज १९८ यावरून घरात वाद नकोत. हात मात्र पाण्याने धुवा. जपानमधल्या २०११ च्या एका अभ्यासात द्राक्षे, संत्री, किवी सोललेल्या निरोगी माणसांच्या बोटावरची शुगर भलतीच वर दिसली. स्पिरिटचा बोळा फिरवूनही फरक पडला नाही, नळाखाली हात धुतल्यावर पडला. डाळिंब सोलून लगेच बोट टोचणाऱ्यांसाठी हे सांगितले.

एकूण गाडी कशी चालली आहे, हे एचबीएवनसीवर, म्हणजे त्या ‘तीन महिन्यांच्या शुगर’वर कळते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटाच चढतो. बायकांमध्ये हे वारंवार दिसते, तेव्हा रिपोर्ट पटत नसेल तर हिमोग्लोबिनही बघून घ्यावे.

आता गोळ्या. इथे पेटंट समजून घेणे फायद्याचे आहे, कारण ते संपले की तेच औषध अनेक कंपन्या बनवू लागतात आणि भाव कोसळतो. सिटाग्लिप्टिन या शुगरच्या गोळीचे पेटंट २०२२ मध्ये संपले. त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या, तेव्हा नावाजलेल्या ब्रँडना १६२ ते २५८ पडत होते. एम्पाग्लिफ्लोझिन या दुसऱ्या गोळीचे मार्च २०२५ मध्ये संपले. पण दोन-तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी दरमहा मेडिकलवर दाखवत राहिलो, तर जुनाच ब्रँड जुन्याच भावाने हातात पडतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ब्रँडऐवजी मूळ औषधाचे नाव लिहायला सांगावे. हा हक्काचा प्रश्न आहे, त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. त्याचा आणखी एक उपयोग होतो. हृदयाच्या आणि शुगरच्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या ब्रँडने एकच औषध लिहिले असेल तर ते चटकन उघडे पडते. खर्च परवडत नाही म्हणून गोळी अर्धी करणे किंवा एक दिवसाआड घेणे मात्र सगळ्यात महाग पडते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, तो पर्याय आधी पाहावा.

एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात पट्ट्यांची डबी आणि इन्सुलिन दोन्ही तापतात. डबीचे झाकण घट्ट लावून ती घरातल्या सावलीच्या, कोरड्या जागी ठेवा. फ्रीज नसेल तर इन्सुलिनची कुपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, ओल्या वाळूने वेढलेल्या मातीच्या मडक्यात ठेवतात. कोकणातल्या दमट हवेत मडके फारसे निवत नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने वाफ होते, म्हणून ते इथे चांगले काम देते.